पिवळी जाकिटं

या शिंप्याला माणसांचे चेहरे फारसे लक्षात राहत नसत, खांदे राहत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतंय तोवर हा त्याचं माप सांगून मोकळा व्हायचा, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. गळ्यातली टेप नुसती शोभेला. घरातल्या पाचही जणांची मापं तर त्याला तोंडपाठ होती आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता.

गेल्या महिन्यात मात्र त्याची आई गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परतीची वाट विसरली. दोन तासांनी ती भलत्याच घराच्या दारात शांतपणे बसलेली सापडली. तेव्हापासून शिंप्याच्या जिवाला घोर लागला होता. आणि म्हातारीने हट्ट धरला तो नेमका आत्ताच. "ती जुनी देवळं एकदा दाखव रे. दिसतंय तोवर बघून घेते."

नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. सहलीच्या बसमध्ये पाच जागा सांगून आला आणि आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. देवळांचं ते अफाट आवार, ती गर्दी, आणि त्यात आई. शेवटी दुकानात कुणी हात न लावलेला एक पिवळाधमक ताका होता, तो त्याने काढला आणि घरातल्या सगळ्यांना एकसारखी बिनबाह्यांची जाकिटं शिवली. मैलभरावरून दिसतील अशी.

"अहो, आपण देवळं बघायला चाललोय, की लोकांनी आपल्याला बघायला?" बायकोने विचारलं. दोन्ही मुलींनी तोंडं फुगवली. आईचं जाकीट तेवढं तिच्या अंगावर जरा लोंबत होतं.

"तू पोक काढून उभी राहतेस म्हणून," शिंपी म्हणाला. त्याचं माप चुकणं शक्यच नव्हतं.

तिथे पोचल्यावर त्याने देवळं पाहिली असं म्हणायला जीभ रेटत नाही. एका आवारातून दुसरं आवार निघत होतं, जिकडेतिकडे सारखेच दगडी खांब. मुली म्हणत, "बाबा, वर बघा, छतावर काय कोरलंय!" हा म्हणे, "बघितलं, बघितलं," आणि पुन्हा पिवळी जाकिटं मोजायचा. चार आणि मी, पाच. चार आणि मी, पाच.

दुपार कलली तशी आई दमली. शेवटच्या देवळाच्या पायऱ्यांवर तिला बसवून, "इथून हलायचं नाही," असं तीनदा बजावून तो बायको-मुलींना बसमध्ये जागा धरायला सोडून आला. परत फिरला तर पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या सुरू झालेल्या. दरवाजे बंद व्हायची वेळ. सगळी गर्दी उलटी त्याच्याच अंगावर येत होती.

पायऱ्यांवर कुणीतरी म्हातारी पाठमोरी बसली होती. पोलकं खांद्यावरून चांगलं दोन बोटं ओघळलेलं. कुणी शिवलंय हे, असं त्याच्या मनात आलं. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून जातात, कसली ही पोरं, असंही आलं. आणि तेवढ्यात पलीकडे खांबापाशी पिवळं दिसलं. खांद्यावर कसं चापून बसलं होतं! त्याचा जीव भांड्यात पडला.

"आई, चल लवकर!" त्याने ओरडून सांगितलं, तिच्या पायाशी ठेवलेली पिशवी नि पाण्याचा कॅन उचलला आणि पुढे निघाला. दोन्ही हात अडकलेले. उन्हासाठी तिने डोक्यावरचा रुमाल पार कपाळाखाली ओढला होता. वाटेत तो मान वळवून वळवून बघत होता. पिवळं येतंय. पिवळं येतंय.

दरवाज्यापाशी एक अनोळखी बाई धावत आली आणि पिवळ्या जाकिटाला मिठी मारून रडू लागली. "आई, कुठे होतीस गं? तासभर शोधतोय आम्ही!"

रुमाल मागे सरला. चेहरा दुसराच होता.

शिंप्याच्या हातातला कॅन खाली पडला. "हे जाकीट... हे तुम्हाला कुणी दिलं?"

"पायरीवरच्या बाईंनी," म्हातारी म्हणाली. "फार चांगल्या आहेत हो."

पुढचं त्याला आठवत नाही. अडवणाऱ्या पहारेकऱ्याला ढकलून तो पळत सुटला. आवारं आता रिकामी होती आणि प्रत्येक खांबाआड त्याला कुणीच दिसत नव्हतं.

आई तिथेच बसली होती. ओघळलेल्या पोलक्यात.

"आलास? ती बिचारी चुकली होती रे, थरथरत होती. म्हटलं, हे घाला, आमचं सामान सांभाळा आणि त्या खांबापाशी उभ्या राहा. माझा मुलगा पिवळं सोडून जायचा नाही."

"आणि तू?"

"मला कशाला लागतंय पिवळं? तू मला ओळखशीलच की." मग जरा थांबून म्हणाली, "तुझी हाक ऐकून मी वळून हात केला. तू जातानाही केला. घाईत होतास."

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पोलकं त्यानेच शिवलं होतं. तिचं माप त्याने शेवटचं घेतलं तेव्हा वडील होते, त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर सगळं तोंडपाठ.

शिट्टी पुन्हा वाजली. त्याने खिशातली टेप काढली आणि आईच्या पाठीला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत लावली.

"इथे कसलं माप घेतोस?"

"हलू नकोस," तो म्हणाला. आकडा डोळ्यांसमोर होता, पण त्याला तो वाचता येईना.