ट्रेलरखालची लिंबं

आमच्या ह्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. दुबईजवळ उम्म अल कुवैनला आमचं चाऱ्याचं गोडाऊन होतं. गिऱ्हाइकाने ओट्स मागितले तरी हो, खोगीर मागितलं तरी हो. मिळतं कुठे ते नंतर बघायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका तबेल्याच्या म्हाताऱ्या मालकाने, त्याला सगळे अरबाब म्हणत, ह्यांना विचारलं, ड्रायव्हर सुट्टीवर गेलाय, माझी गाभण घोडी दुबईच्या हॉस्पिटलात पोचवशील का? हे हो म्हणाले. वर "कई बार किया है" अशी पुस्तीही जोडली. आयुष्यात ह्यांनी ओढली होती ती एकदा बंद पडलेली मेव्हण्याची गाडी, तीही दोराने.

घोडीचं आधीचं शिंगरू पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला लवकर आणायला सांगितलं होतं. अरबाब तिला सहसा कुणाच्या हाती देत नसे. माझ्या जिवाला घोर लागला. आम्ही राहायचो त्या अल मजाजला मुलांना शेजारणीकडे ठेवून, डझनभर लिंबं घेऊन मीही निघाले. नवी गाडी म्हणजे प्रत्येक चाकाखाली लिंबू हवंच.

"अगं, ट्रेलर अरबाबचा आहे."

"चालवणार तुम्हीच ना? मग आपलाच."

तो ट्रेलर गूजनेक होता. त्याची लांब वाकडी मान थेट अरबाबच्याच पिकअपच्या हौद्यात घ्यायची, तिथल्या लोखंडी गोळ्यावर बसवायची आणि खीळ लावायची. ह्यांनी पिकअप मागे घेतली, मान उतरवली, हात झटकले. मी पिकअपच्या चार चाकांखाली चार आणि ट्रेलरच्या चारांखाली चार लिंबं ठेवली. घोडीचा दोर धरून अरबाब कपाळाला आठ्या घालून बघत होता.

"यल्ला," तो म्हणाला आणि घोडीला पुढे आणू लागला. मी मध्ये पडले. आधी लिंबं चिरडू दे, मग घोडी.

हे पुढे गेले आणि मागे धाडकन आवाज झाला. मान गोळ्यावर बसलीच नव्हती, नुसती टेकली होती. ती घसरून हौद्यात आपटली, पत्र्याला हा एवढा खड्डा. घोडी बिथरून मागे सरली. पिकअपची चारही लिंबं फुटली होती, ट्रेलरखालची तशीच गोल गरगरीत. घोडी आत असती तर?

अरबाबने आधी तिला चुचकारलं. मग ह्यांना हळू आवाजात विचारलं, "सच बोलो. पहले चलाया?"

आता हे गोळ्याला नावं ठेवणार, ट्रेलर जुना म्हणणार, असं मी धरूनच चालले होते.

"नहीं, अरबाब. आज पहली बार."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'नाही' पहिल्यांदा ऐकलं. खरं तर राग यायला हवा होता. मला भरून आलं.

मला वाटलं, अरबाब म्हणणार, खलास, आता घरी जा. पण त्याने घोडीचा दोर माझ्या हातात दिला, हौद्यात चढला आणि मान कशी बसवायची, खीळ कशी लावायची ते ह्यांना दाखवलं. मी शाबूत लिंबं पिशवीत टाकली. मग पटांगणात मधोमध एक रिकामा ड्रम ठेवून, तो राऊंडअबाउट समजून, त्याने ह्यांना रिकाम्या ट्रेलरसकट गोल फिरवलं. ट्रेलर वळणावर आतून कापत येतो हे ड्रम दोनदा आडवा झाल्यावर ह्यांना कळलं. घोडी माझी पिशवी हुंगून नाक मुरडत होती.

शेवटी एका फेरीत ड्रम उभाच राहिला. अरबाबने माझ्यापुढे हात केला. "मदाम, लेमून."

गुडघ्याला हात देत, वाकून, त्याने स्वतः आठही चाकांखाली लिंबं ठेवली. हे पुढे गेले. आठही फुटली. मग त्याने घोडीला आत चढवलं आणि दोर बांधायला ह्यांच्या हातात दिला.

त्या खेपेला सुखरूप जन्मलेल्या शिंगराला पुढे बरीच वर्षं आमच्याच गोडाऊनमधून चारा जायचा.