चादर धरा, मॅडम

डब्याच्या दुधाविरुद्धची आमच्या संघटनेची पत्रकं मला तोंडपाठ होती. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात मी ती वाटत फिरायचे. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय मला नव्हती, हे सांगून टाकते.

त्या दुपारी एका खाटेवर अठरा-एकोणीस वर्षांची पहिलटकरीण बसली होती. बाळ तीन दिवसांचं, रडून रडून आवाज बसलेला. तिला अंगावरच पाजायचं होतं. पण ‘दूध येत नाही’ एवढं ऐकून डॉक्टरांनी चिठ्ठीवर डबा लिहिला होता. दोन मिनिटं थांबून पाहायला काय झालं होतं? नवरा लकडगंजात आरा मशीनवर कामाला. केसांतला भुसा तसाच घेऊन आला होता आणि चिठ्ठी घेऊन निघालाही होता.

मी त्याला दारातच अडवलं. तिथूनच मोठ्यानं सुरू झाले: कंपन्या, जाहिराती, डब्यावरची गुटगुटीत बाळं. भेटायला आलेले सगळे वळून बघू लागले. तिनं पदर आणखी खाली ओढला.

फरशी पुसणारी म्हातारी आया उठली. “अवो मॅडम, भाषण राहू द्या. एवढे मानसं पाहून राहिले, पोरगी चोळी सोडन कशी?”

मी पत्रकं पिशवीत कोंबली.

म्हातारीनं रिकाम्या खाटेवरची चादर ओढून माझ्या हातात दिली. “वर धरा. अन् तोंड तिकडं करा.”

मी पोरीच्या खाटेपुढे पाठमोरी उभी राहिले, हात ताणून.

“कपडे वाळू घालून राहिल्या का, मॅडम?” एका बाप्याला हसू फुटलं.

“तोंड फिरवा तिकडे!” मी खेकसले.

मागून आयाचा आवाज येत होता. “टेक वं नीट. पोराले पोटाशी घे. मान नोको दाबू, त्याले तोंड उघडू दे. हं, आता.”

“दुखते, मावशी.”

“मंग सोडव. पुन्हा लाव.”

किती वेळ गेला कोण जाणे. दंड भरून आले, पण हात खाली घ्यायची माझी छाती नव्हती. मग रडणं थांबलं. एक घोट ऐकू आला. थोड्या वेळानं दुसरा.

“का झालं?” नवऱ्यानं दारातून घाबरून विचारलं.

चादरीमागून उत्तर आलं. पोरीचा एवढा मोकळा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“त्याइले सांगा, डबा नोका आनू. मले भूक लागली, भाकर आना.”