वनिताचा वाफा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. तुम्हाला का सांगते? — माहीत नाही. सांगते एवढं खरं.

पोंभुर्ण्याकडे जंगलाला लागून एक रोपवाटिका होती. तिथं मी कितीतरी वर्षं मजुरी केली. चौथी शिकलेली, सगळ्यांत जुनी — म्हणून बायांवर लक्ष ठेवायचं माझ्याकडे आलं.

वनिता आली तेव्हा विशीची असेल. काळी, हडकुळी, तोंडाची टकळी सुरूच. मोहाच्या रोपांचा एक वाफा तिनं आपलाच करून टाकला. रोपांशी बोलायची — खरंच बोलायची. बाया चिडवायच्या, "नवऱ्यापरीस रोपाइलेच जास्त जपते वं ही!" ती म्हणायची, "रोपं उलटून बोलत नाई नं माय!"

ती असली की सगळ्यांचे हात चालायचे. माझेही. ती नसली की दिवस सरता सरायचा नाही. जीव होता माझा तिच्यावर. अजून आहे. पण जीव असला की माणूस चांगलंच वागतो — असं कोणी सांगितलं?

एका मे महिन्यात तिला ताप आला. चार दिवस घरी राहिली. परत आली तर वाफा वाळलेला. खाली बसली, रोपाची एकेक पिशवी उचलून पाहू लागली.

"माई, काऊन वाळली?"

"तू नव्हती नं," मी म्हटलं. "तुह्या हाताशिवाय जगतच नाई ते."

ती रडली. पण रडता रडता तोंड उजळलं तिचं — ते मी पाहिलं.

त्यानंतर तिनं आपणहून कधी सुट्टी घेतली नाही. पुढे कंबर गेली. गडचिरोलीच्या डॉक्टरनं महिनाभर पडून राहायला सांगितलं. पाचव्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून फाटकात हजर. "घरी जीव लागत नाई माई. वाफा वाळून जाईन." घरी जा — एवढंच म्हणायचं होतं मला. मी पाण्याची झारी तिच्या हातात दिली.

आता चाळिशीची आहे. खाली बसता येत नाही, म्हणून तिच्यासाठी मी अंगणात खुर्ची ठेवते. येते, चहा पिते, माझे पांढरे केस विंचरून देते. आणि आपल्या लेकीला दरवेळी तेच सांगते, "मी चार दिवस नव्हती, तं पुरा वाफा वाळला होता. विचार माईले."

पोरगी माझ्याकडे पाहते. मी मान डोलावते.

त्या चार दिवसांत पाणी घालायचं माझ्याकडे होतं. डावीकडच्या वाफ्याला घातलं, उजवीकडच्याला घातलं. तिच्या वाफ्यापाशी रोज थांबले — तिनं पुन्हा घरी राहू नये, एवढंच डोक्यात होतं — आणि पुढे गेले.

झारी भरलेली होती.