ऑगस्टचं पान

सापगावच्या महिपतला हिमालयाचं खूळ लागलं ते एका कॅलेंडरपायी. शहापूरच्या ज्या शाळेत तो शिपाई होता, तिथल्या ऑफिसात ब्याण्णव साली एक मोठं रंगीत कॅलेंडर लागलं होतं. वर्ष संपल्यावर ते उतरवायचं काम अर्थात महिपतचं. उतरवता उतरवता त्यानं एक पान हळूच काढून घेतलं आणि घडी पडू न देता सुरळी करून घरी नेलं. हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानाचं चित्र होतं ते. चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर आणि मधल्या दरीत नजर पोचेल तिथवर फुलंच फुलं. खाली छापलं होतं, 'फुलांची दरी'.

त्याच्या बायकोनं, सकुबाईनं, ओले हात पदराला पुसले आणि पान दारातल्या उजेडात धरलं. बराच वेळ बघून म्हणाली, "अवो, हे खरं असंल?"

"फोटो हाय तो. खोटा कसा असंल?"

"मंग एकदा दावा मला."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि या बाईनं नवऱ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. लुगडं नाही, डोरलं नाही, एकदम हिमालय! महिपत विरघळला आणि तिथल्या तिथं शब्द देऊन बसला.

माणूस मोठा नेटका. शाळेची घंटा त्याच्या हातून कधी मिनिटभर पुढंमागं झाली नाही. त्यानं रेल्वेचं वेळापत्रक आणलं, भूगोलाच्या सरांकडून नकाशा मागून घेतला, कल्याणच्या बाजारातून दोन कानटोप्या आणल्या. जायचं ठरलं मे महिन्यात. शाळेला सुट्टी, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेले, शेतात काही काम नाही. एवढं सगळं ठरल्यावर त्यानं हिंदीच्या नम्रताबाईंकडून उद्यानाच्या कार्यालयाला एक पत्र लिहून घेतलं.

उत्तर आलं. नम्रताबाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. मे महिन्यात दरी बर्फाखाली असते, उद्यान उघडतं जूनमध्ये, आणि फुलं बघायची तर जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात यावं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "महिपत, तुम्ही नेलेलं पान कुठल्या महिन्याचं होतं हो?"

ऑगस्टचं होतं. रोज घरच्या भिंतीवर बघत होता गडी, पण तारखांकडं कोण बघतो? शिक्षक पोट धरून हसले. मी मात्र त्याला दोष देणार नाही. त्याच कॅलेंडरात फेब्रुवारीच्या पानावर ताजमहाल होता, म्हणून तो काय फेब्रुवारीतच दिसतो?

पण जुलै-ऑगस्ट म्हणजे आवणी, भाताची लावणी. राबातली रोपं उपटायची, मुठी बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात वाकून लावायच्या. त्यातून सापगावात सावड चालायची. आज सगळ्या बायका तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आणि सावडीचा कायदा असा की शेवटच्या बाईचं शेत लागेपर्यंत कुणी मागं हटायचं नाही. सकुबाई तर सावडीची म्होरकी. तिची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ जायची आणि बाकीच्या तिच्या अंगाअंगानं लावत यायच्या.

"फुलांना पण आवणीचाच टाइम गावला गो!" शेजारची गोजाबाई म्हणाली आणि सगळ्या बायका चिखलात हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

महिपतनं हार मानली नाही. आवणी लवकर उरकली तर ऑगस्टचे आठ-दहा दिवस हाती लागतात, असा त्याचा हिशेब. दर वर्षी तो आभाळाकडं बघत बसायचा. कधी पाऊस उशिरा आला, कधी साईनाथ, त्यांचा मुलगा, तापानं पडला. नव्व्याण्णव साली मात्र सगळं जुळून आलं. सहा ऑगस्टची हरिद्वारची तिकिटं हातात, शाळेची रजा मंजूर, कानटोप्यांना ऊन दाखवून झालं. आणि गोजाबाईचा राब कुजला. तिनं दुबार पेरणी केली, तिची आवणी नेमकी पाच तारखेला सुरू झाली.

"बाकीच्या बाया हायत ना?" महिपत म्हणाला.

"हायत. पण म्होरं कोण लावंल?" सकुबाई म्हणाली. "तिचा हात लागलेला भात आपुन सालभर खातो. तिचं शेत उघडं टाकून मी फुलं बघाया जाऊ? मला नाय जमायचं."

महिपत एकटाच जाऊन तिकिटं रद्द करून आला. आठ दिवस बायकोशी बोलला नाही. राग तिचा नव्हताच, पण काढायचा कुणावर?

मग वर्षं गेली. दोन हजार सहामध्ये सकुबाईचे गुडघे गेले, कंबर धरली. चिखलात उतरायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं. दुसऱ्या वर्षी महिपत निवृत्त झाला, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा जुलै मोकळा मिळाला. पण त्या दरीच्या वाटेवर दोन दिवसांची चढण. महिपतनं तीही तजवीज केली. निम्म्या वाटेला खेचर, पुढं पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारा माणूस.

"मान्साच्या पाठीवर बसू? देवानं येवढे दिस माझे पाय चालवले, आता दुसऱ्याचे मोडू?" सकुबाईनं साफ सांगितलं. "तुमी जा साईनाथला घिऊन. बघा नि मला सांगा. आता नाय म्हनू नका, माझी आन हाय."

तो गेला. दरी पाहिली, पाहताना दहादा मागं वळून बघितलं, जणू सकुबाई मागून येतेय. डोंगर उतरल्यावर पायथ्याच्या टेलिफोन बूथमधून त्यानं घरी फोन लावला.

"बघितलीत?" सकुबाईनं अधीर होऊन विचारलं.

"बघितली गो. निस्ती फुलंच फुलं. आपल्या आवणीवानी दाट."

"ओळी सरळ हायत?"

महिपतला हसू आलं. "ओळी कसल्या? कुनी लावलीच नायत ती. आपापली उगावतात."

बूथवाला यंत्रावरचे लाल आकडे बघत होता.

"म्हंजे कुनाला वाकावं लागलं नाय," सकुबाई हळूच म्हणाली. "लय बरं झालं."

पंधरा वर्षं तिला फुलं दाखवायला धडपडलेल्या महिपतला तिची चिखलात वाकलेली कंबर पहिल्यांदा आठवली ती त्या बूथमध्ये. त्याचे डोळे भरून आले, साईनाथ बघत होता तरी त्यानं ते पुसले नाहीत.

"ऐकताय ना अवो?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "तू बोल."