दगडात कोरलेलं जास्तीचं फूट

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी सात. ठिकाण: जुन्या तटबंदीतला एक छोटा दरवाजा. हजर: सर, म्हणजे वास्तुविशारद, माझे जुने वरिष्ठ, त्यांचे अकरा विद्यार्थी, गवंडी चाचा, मी. दरवाज्याशेजारच्या नव्या दगडी फलकावर हजर: फक्त सर.

माझ्या पिशवीत पोलादी टेप, खडू आणि तेवीस वर्षं जपलेली एक वही होती.

तेवीस वर्षांपूर्वी मी सरांच्या ऑफिसात आरेखक म्हणून नवीन लागले होते. या दरवाज्याची मापं मी आणि चाचांनी घेतली. चाचा शिडीवर, मी खाली. चुन्याचा कोणता थर मूळचा, कोणता मागाहून लावलेला, हे ते नखानं खरवडून सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. ऑफिसातला कापडी टेप सुरुवातीलाच फाटलेला होता, पहिलं फूट गायब. अशा वेळी टेप एक फुटाच्या खुणेपासून धरायचा आणि शेवटी प्रत्येक मापातून एक फूट वजा करायचं, ही आमच्या कामातली रीत. तशी नोंद मी वहीच्या पहिल्या पानावर केली. सरांनी मधली मापांची पानं फाडून नेली, दुसऱ्याकडून नकाशा काढून घेतला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. पुढं त्या नकाशावर व्याख्यानं झाली, सत्कार झाले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "टेप धरणाऱ्यांची नावं नकाशावर येत नसतात."

हे वाक्यही मी त्याच वहीत लिहून ठेवलं.

गेल्या दिवाळीत त्यांनी फलकाचा मजकूर मोबाइलवर पाठवला. "तुझं शुद्धलेखन चांगलं आहे, नजर टाक जरा." मी टाकली. दोन वेलांट्या सुधारल्या. कमानीची रुंदी तेरा फूट लिहिली होती, आहे बारा. तिला हात लावला नाही. अक्षरं दगडात कोरून होईपर्यंत गप्प बसले, आणि ते आठवडे मला फार छान गेले.

रविवारी सरांचं बोलून झाल्यावर मी टेप विद्यार्थ्यांपुढं धरला. "वाचलेलं माप स्वतः घेऊन बघा. सर नेहमी हेच शिकवतात."

बारा फूट. पुन्हा घेतलं. बाराच. भिंतीची जाडी, आतल्या पहारेकऱ्यांच्या देवडीची खोली, प्रत्येक ठिकाणी फलक एका फुटानं पुढं.

"जुनं बांधकाम आहे, थोडंफार सरकतं," सर म्हणाले.

"चारी बाजूनं बरोब्बर एक-एक फूट सरकलं, साब?" चाचांनी विचारलं. "लई शिस्तीचा दरवाजा म्हणायचा मग!"

पोरं हसली. मी वही उघडून एका विद्यार्थिनीच्या हातात दिली. तिनं मोठ्यानं वाचलं: "टेप फाटका. एक फुटापासून धरला. सर्व मापांतून एक फूट वजा करणे." खाली माझी सही, शेजारी चाचांची.

सर माझ्याजवळ सरकले. "मजकूर तुला दाखवला होता मी. तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही शुद्धलेखन विचारलं होतं, सर."

अकरा जण ऐकत होते, त्यामुळं सरांना तिथंच कबूल करावं लागलं: नवा फलक, बरोबर मापं, तीन नावं. वजाबाकी केलेला नकाशा तेवढा मी द्यायचा.

तो त्याच संध्याकाळी तयार झाला. सरांनी आतापर्यंत तीनदा मागितलाय. "दोन दिवसांत देते," म्हणते. रोज औरंगपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसला जाताना वाट वाकडी करून दरवाज्यावरून जाते. विद्यार्थ्यांनी गोष्ट गावभर केली आहे; कधी कधी कुणी ना कुणी कमानीला टेप लावून फलकाकडं बघत हसत असतं. मीही सरांच्या नावाखालचं 'तेरा फूट' एकदा वाचते आणि मग गाडी पुढं काढते.

काल चाचांचा फोन आला. मोतीबिंदू आता दुसऱ्या डोळ्यातही उतरलाय.

"बेटी, पत्थर कधी लागतोय? नाव हातानं चाचपून वाचायची वेळ नको आणू."

"लावतेच, चाचा."

आजची यादी: गच्चीवरची टाकी धुवून घेणे, दोन नकाशांच्या प्रती काढणे, सरांना दरवाज्याचा नकाशा पाठवणे. पहिल्या दोन कामांपुढं खूण केली. तिसरं उद्याच्या पानावर उतरवून घेतलं आहे.