सहाव्या आकड्यापुढची ओळ

माझ्या थोरल्या मेहुण्याला आम्ही घरात ‘भागाकार’ म्हणायचो. बचाव-नौकांचे रेडिओ तपासणं ही त्याची नोकरी, आणि तीही समुद्रावर न जाता, खुर्चीत बसून. नव्या रेडिओत आवाज म्हणजे नुसती आकड्यांची रांग. नौका लांब गेली असं मानायचं तर ते आकडे दहाने भागायचे, आणखी लांब तर शंभराने. मग त्यात खरखर मिसळायची आणि बोलणं कळतं का, ते कान देऊन ठरवायचं.

आवाज माझा. “भाऊजी, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा हवा,” म्हणाला, आणि रंगभूमी सुटलेला मी लगेच फुशारलो. वाक्य एकच: “नौकेत पाणी शिरतंय, दोर टाका.” वर्षानुवर्षं तेच. हजाराने भागलं तरी त्याला ते कळायचं.

“ताई, तुझ्या नवऱ्याचा आवाज काही केल्या दबत नाही.”

“मी चाळीस वर्षं बघतेच आहे,” ही म्हणायची.

त्यानं पसंत केलेला रेडिओ धाकट्या मेहुण्याच्या नौकेवर बसला. एका दुपारी ती नौका बुडाली. वाचलेला खलाशी म्हणाला, धाकटा शेवटपर्यंत किनाऱ्याला हाका देत होता. किनाऱ्यावर फक्त खरखर पोचली.

चौकशीत भागाकाराचा दोष निघाला नाही. महिन्याभराने तो माझ्यासमोर येऊन बसला.

“भाऊजी, नाटकातली नक्कल पाठ असली की प्रॉम्प्टरनं नुसते ओठ हलवले तरी ऐकू येतं ना?”

“येतं.”

“मलाही तसंच येत होतं. तुमचं वाक्य मला पाठ होतं.”

तेव्हापासून दर रविवारी मी त्याच्या माघारी दहा नवी वाक्यं बोलून ठेवतो. तो ती हजाराने भागतो, ऐकतो, कळेल तेवढं वहीत लिहितो. फारसं काही लिहीत नाही.

गेल्या रविवारचं सहावं वाक्य मी घरूनच ठरवून गेलो होतो. त्यानं डोळे मिटून ते तीनदा ऐकलं. वहीत सहाचा आकडा घातला आणि पेन थांबलं.

“काय होतं?” त्यानं विचारलं.

“तुझी चूक नव्हती रे,” मी म्हणालो. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात.



“सांगितल्यावर कळणारच, भाऊजी,” तो म्हणाला, आणि ती ओळ कोरी सोडून सातवं वाक्य लावलं.