निळ्या रेशमाचा खांदा

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं माझ्याकडं एकच मागणी केली.

"लग्नात आपल्या रीतीप्रमाणं पांढरी साडी नेसीन. पण दुसऱ्या दिवशी सासरी, कन्नडला रिसेप्शन आहे, तिथं मला ड्रेस पाहिजे. लांब, रेशमी. आणि तो तुम्हीच शिवायचा, वहिनी."

"साडी का नको गं? एवढ्या घेतल्यात."

"पदरामागं लई लपून झालं," ती म्हणाली.

लहानपणापासून तिच्या पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला तीन बोटं वर. तयार ड्रेस तिच्या अंगावर तिरके लटकतात, आणि टेलर माप घेताना हमखास म्हणतात, "सरळ उभ्या राहा ना, ताई." तिनं टेलरकडं जाणंच सोडून दिलं होतं.

मी चितेगावच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करते. शिवण आईकडून शिकले, आणि गेली काही वर्षं परदेशातले कारागीर उंची कपडे कसे शिवतात त्याचे व्हिडिओ बघून हात सुधारत होते. त्यांची रीत किचकट असते. आधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवायचा, तो माणसाच्या अंगावर घालून पिना लावत दुरुस्त करायचा, मग रेशमाच्या प्रत्येक तुकड्यामागं ऑर्गंझाचा, म्हणजे कडक झिरझिरीत कापडाचा पातळ थर हातानं टाचायचा, आणि त्यानंतर कुठं खरी शिलाई. मला वाटलं, हिच्या अंगासाठी हीच रीत बरोबर.

मांजरपाटानंच माझा जीव काढला. पीन पाठीला लागली की ती श्वास रोखायची आणि ताठ व्हायची.

"अगं, नेहमीसारखी उभी राहा."

"नेहमीसारखीच उभी आहे."

ती नव्हती. माप घेणारं कुणी समोर आलं की तिचं अंग आपोआप सरळ व्हायला धडपडायचं. मी पिना लावायचे, ती ड्रेस उतरवून पुन्हा घालायची, आणि सगळ्या चुण्या नव्या जागी उगवायच्या. रविवारमागून रविवार गेले. माझी चिडचिड स्वयंपाकघरापर्यंत पोचली. नवरा म्हणाला, "विकतचा घेऊ ना एखादा." मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

मग एका व्हिडिओत उपाय सापडला. खालच्या खांद्यावर कापसाचे पातळ थर रचून दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या. मी तसं पॅड केलं, कच्च्या ड्रेसमध्ये टाचलं, आणि पहिल्यांदाच ड्रेस चुणी न पडता बसला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ती आरशासमोर उभी होती.

"कसं वाटतंय?"

"तुम्हाला बरं वाटतंय ना? मग असू द्या."

मी तो होकार धरला आणि रेशीम कापलं.

औरंगपुऱ्यातल्या दुकानातून आणलेलं गडद निळं रेशीम होतं. कात्री लागली की त्याच्या कडांचे धागे लगेच सुटायचे. बोटांची खरखरीत कातडी धाग्यांत अडकायची. कामावरून आल्यावर मी हात धुऊन, खोबरेल लावून, पुन्हा पुसून बसायचे. ऑर्गंझा टाचताना कापड जरा जरी सरकलं तरी सगळं उसवायचं. पण वरचा भाग उभा राहिला तेव्हा तो खरंच देखणा होता. आजही तसंच म्हणेन.

तो अंगावर घालून बघायच्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी किती दिवसांनी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळं सगळं घर हातातलं काम टाकून पिंप भरायला धावलं. ती मात्र पिनांनी जखडलेली, जागची हलू शकत नव्हती. तेवढ्यात सासूबाई पाइप सोडून आत आल्या. लेकीकडं बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! आता कशी सरळ दिसतीस!" असं म्हणत त्यांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, आणि उजवा खांदा सवयीनं हलकेच खाली दाबला.

हात ओले होते. निळ्या रेशमावर पंजाचा डाग उमटला.

"आई, रेशीम!" मी ओरडले. पण नणंद डागाकडं बघतच नव्हती.

"काढा हे, वहिनी."

"थांब, वाळू दे, बघू जातोय का डाग."

"डागाचं नाय म्हणत मी. ते कापसाचं काढा. आरशात ही बाई कोण उभी आहे, मला समजंना. तिकडच्या लोकांनी मला बघून पसंत केलंय. ह्या खांद्यासकट."

"मग आधी का नाही बोललीस? मी कापड कापलंय!"

"तुम्ही एवढ्या खूश होता."

सासूबाई पिंपाकडं गेल्या. मी रागारागानं एकेक पीन काढत होते. कुणावर राग होता ते धड सांगता येणार नाही. तिच्यावर होता, सासूबाईंवर होता, नळावरही होता.

डाग गेला नाही. दुकानात त्या रंगाचं कापड संपलं होतं. दाखवलं ते शेजारी धरलं की वेगळं दिसायचं. शेवटी मी सगळं उसवलं. मांजरपाट पुन्हा तिच्या अंगावर चढवला, आणि या वेळी ती खरोखर नेहमीसारखी उभी राहिली, एका पायावर भार देऊन, फोनवर होणाऱ्या नवऱ्याशी बोलत. उजवी बाजू वेगळी, डावी वेगळी, दोन स्वतंत्र नमुने निघाले. डागाचा भाग वगळल्यावर खांद्याला कापड कमी पडलं, म्हणून घेरातून काढलेला तुकडा तिथं जोडला. जोड लपेना, म्हणून त्यावरच बारीक हातशिलाईची ओळ घातली.

कन्नडला निघताना सासूबाईंनी पिशवीत ओढणी टाकली. हॉलवर त्यांनी ती खांद्यावर घ्यायला पुढं केली. नणंदेनं घडी उघडलीच नाही, शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिली.

फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, उजवा खांदा जरा खाली घ्या."

"तो तसाच आहे. तुम्ही काढा," ती म्हणाली आणि हसली. तिच्या नवऱ्याचं लक्ष जिलेबीकडं होतं.

मी मागं उभी होते. खांद्यावरचा जोड बायकांना नक्षी वाटली, दोघींनी तर कुठं शिवला म्हणून विचारलं. मला मात्र पाठीच्या चेनजवळची एक चुणी दिसत होती. नणंद बसली की ती पडायची, उठली की जायची, आणि मला काही केल्या त्या चुणीवरून नजर हटवता येईना.

ड्रेस आता कन्नडला तिच्या कपाटात आहे. फोन झाला की मी म्हणते, माझ्याकडं पाठव, चेन उसवून नीट बसवते. ती म्हणते, "राहू द्या, वहिनी." मला राहू देता येत नाही.